नव्या शिक्षकांसाठी व्हिडिओ पॉडकास्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या बाजूच्या जिल्हा परिषद शाळांमधले आम्ही काही जुने-नवे शिक्षक मिळून व्हिडिओ पॉडकास्ट करतो. २०२४ मध्ये पवित्र पोर्टलमार्फत, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरती व्यवस्थेतून भरती झाली आणि राज्यभरातून नवे शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणारे शिक्षक) इकडे रुजू झाले. कोणी लातूरकडचं, कोणी सोलापूरकडचं. घर लांब, पाऊस अनोळखी, मुलांची बोली अनोळखी, आणि पहिल्याच दिवशी हातात दोन-तीन वर्ग. त्यांना एकटं वाटू नये म्हणून हे सुरू झालं. शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

यूट्यूबवर आदर्श पाठ भरपूर आहेत. मग यात वेगळं काय?

आमच्या एका भागात दोनच गोष्टी असतात. नव्या शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गातली पाच-सहा मिनिटं, आणि ती बघत-थांबवत एका अनुभवी शिक्षकाबरोबर केलेली दहा मिनिटांची बातचीत. बातचीतही चित्रित होते. त्या दोघांची हरकत नसेल तर गटातले बाकीचे शिक्षक ती बघतात.

आदर्श पाठांना आमचा विरोध नाही. दीक्षा या सरकारी ॲपवर चांगले पाठ आहेत, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की समोर येतात. पण नवा शिक्षक ते बघतो आणि खचतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्या पाठात कोणी मध्येच उठून ‘सर, याने माझी पेन्सिल घेतली’ म्हणत नाही. चौथीची मुलं मागे कुजबुजत बसलेली नसतात. शिक्षकाला वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. खरं तर त्याचा वर्ग वेगळा असतो, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्गात शोधावं लागतं.

प्रत्यक्ष वर्गात येऊन मार्गदर्शन करणं जास्त चांगलं नाही का?

चांगलंच आहे, पण यायचं कोणी? शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक. आमच्याकडच्या बहुतेक वाडी-पाड्यांवरच्या शाळा अशाच द्विशिक्षकी. मी दुसऱ्या शाळेत जायचं म्हटलं की माझे दोन वर्ग जोडीदार शिक्षकाच्या अंगावर पडतात. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख येतात, पण त्यांना पोषण आहाराचं रजिस्टर, पटनोंदणी, बांधकाम, सगळंच बघायचं असतं. वर्गात बसायला पंधरा मिनिटं मिळाली तरी खूप.

दुसरं असं की, पाहुणा आला की वर्ग बदलतो. मुलं ताठ बसतात, शिक्षक आवाज चढवतो. खिडकीत ठेवलेल्या फोनची मात्र मुलांना तिसऱ्या दिवसापासून आठवणही राहत नाही. आणि व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो. भेटीत निसटलेला क्षण परत कुठून आणणार?

हे म्हणजे डी.एड., बी.एड.ला केलेलं सूक्ष्म अध्यापनच ना?

मूळ तेच. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केलं. छोटा पाठ घ्यायचा, त्याचं चित्रण बघायचं, सुधारायचं, पुन्हा घ्यायचा. आपल्याकडे त्याचं ३६ मिनिटांचं चक्र झालं: सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग सहा-सहा मिनिटांचं पुनरध्यापन आणि पुन्हा प्रत्याभरण. सज्जता प्रवर्तन (पाठाची सुरुवात करून देणं), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत राहणं), प्रबलन (शाबासकी देणं) ही कौशल्यं आपण सगळ्यांनी पाठ केली आहेत.

अडचण अशी की कॉलेजात विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र समोर बसायचे, आणि चित्रणाच्या जागी निरीक्षण तक्ता यायचा. वर्गमित्राला उत्तर आधीच माहीत असतं. सहा वर्षांच्या मुलाला ते माहीत नसतं, आणि तिथेच खरं शिकवणं सुरू होतं. चांगली कल्पना आहे ती. तिला खऱ्या मुलांच्या वर्गात आणायचं राहून गेलं होतं, एवढंच.

एखादा भाग कसा होतो, उदाहरण देऊन सांगाल का?

दुसरीच्या वर्गातला एक भाग सांगते. शिक्षण सेवक सर, मराठवाड्यातले. फळ्यावर ४२ वजा १७. मुलांसमोर जमिनीवर काड्यांचे गठ्ठे, दहा-दहा काड्या रबराने बांधलेल्या. तयारी उत्तम होती. सर म्हणतात, “दोनातून सात जातात का? नाही. मग शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा. घेतला का?” सगळा वर्ग म्हणतो, “होऽऽ.” सर उत्तर लिहितात, पुसतात, दुसरं उदाहरण घालतात.

सरांचं म्हणणं होतं, ‘वर्गात मुलं बरोबर सांगतात, वहीत मात्र चुकतात. कारण कळत नाही.’

आम्ही व्हिडिओ लावला. चौथ्या मिनिटाला थांबवून मी म्हटलं, “सर, आता वीस सेकंद फळ्याकडे बघू नका. दारापाशी बसलेल्या मुलीच्या हातांकडे बघा.” तिच्यापुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. तिने एका गठ्ठ्याचं रबर काढलं, दहा काड्या पसरल्या, सुट्या दोन त्यात सरकवल्या आणि त्यातून एकेक करत बाजूला काढायला लागली. एक, दोन, तीन, चार. तेवढ्यात फळा पुसल्याचा आवाज. तिने मान वर केली, घाईघाईने काड्या गोळा केल्या, पुन्हा रबर चढवलं आणि सगळ्यांबरोबर “होऽऽ” म्हणाली.

सरांनी तो तुकडा तीनदा बघितला. मग म्हणाले, “हिला येत होतं. मी थांबलो असतो तर झालं असतं.”

याच्यावर मला काही बोलावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात काय करायचं, ते त्यांनीच ठरवलं: उदाहरण लिहून झालं की खडू टेबलावर ठेवायचा आणि खाली मुलांमध्ये जाऊन बसायचं. दुसऱ्या व्हिडिओत खडू टेबलावर आहे, सर जमिनीवर आहेत. आणि तिथे बसल्यावर त्यांना आणखी एक सापडलं. तीन मुलांच्या गठ्ठ्यांत नऊच काड्या होत्या. काड्या मोडल्या, हरवल्या, कोणी परत मोजल्याच नव्हत्या. मुलं पद्धत बरोबर वापरत होती आणि उत्तर चुकत होतं. उभं राहून हे कधीच दिसलं नसतं.

एका भागात किती चुका दाखवायच्या?

चुका नाहीत, मुद्दा. आणि तो एकच. पाच मिनिटांच्या चित्रणात अनुभवी नजरेला पंधरा गोष्टी दिसतात. फळ्यावरचं अक्षर, पाठमोरं बोलणं, मागची मुलं, प्रश्नाची भाषा. त्या सगळ्या सांगितल्या की नवा शिक्षक घरी जाऊन रात्रभर जागतो आणि सकाळी काहीच बदलत नाही, कारण कुठून सुरुवात करायची हेच त्याला समजत नाही.

मुद्दा छोटा आणि हाताने करता येण्याजोगा हवा. ‘मुलांना बोलतं करा’ हा मुद्दा होत नाही. ‘प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद गप्प राहा’ हा होतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात हे मोजून दाखवलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत तीही बोलू लागतात. आमच्या गटात हे प्रत्येकाने स्वतःच्या व्हिडिओवर मोजलं. फोनवर सेकंद दिसतातच. ‘मी थांबतो’ असं सगळ्यांनाच वाटत होतं. आकडा बघितल्यावर खोलीत शांतता पसरली.

मार्गदर्शक शिक्षकाने बोलायचं काय?

कमी बोलायचं. “छान झाला पाठ” हे वाक्य आम्ही टाळतो, कारण त्याने नव्या शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी नेमकं सांगायचं: “त्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं तेव्हा तुम्ही ‘कसं काढलंस?’ विचारलंत, त्यामुळे त्याची चूक त्यालाच सापडली.” असं कौतुक केलं की शिक्षक ती गोष्ट पुन्हा करतो.

मग प्रश्न. इथे तुम्ही काय बघत होता? हे मूल या क्षणी काय समजलं असेल? पुन्हा हाच पाठ घेतला तर कुठे थांबाल? उत्तर येईपर्यंत आपणही थांबायचं. मुलांना तीन सेकंद द्यायचे, तर नव्या सहकाऱ्यालाही द्यायला हवेत.

आमचा एक नियम कटाक्षाने पाळला जातो. दुसऱ्याचा वर्ग बघण्याआधी मार्गदर्शकाने स्वतःच्या वर्गाचा व्हिडिओ गटाला दाखवायचा. वीस वर्षं शिकवल्यानंतर मी माझा पहिला व्हिडिओ बघितला, तेव्हा लक्षात आलं की माझे जवळजवळ सगळे प्रश्न खिडकीकडच्या पाच मुलांनाच जात होते. भिंतीकडच्या मुलांनी हात वर करणंच सोडून दिलं होतं. तो व्हिडिओ मी सगळ्यांना दाखवला. त्यानंतर नव्यांनी आपले व्हिडिओ दाखवायला फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

कोणत्या विषयांवरचे भाग सर्वांत उपयोगी पडतात?

ज्या अडचणी पाठ्यपुस्तकात लिहिलेल्या नसतात. उदाहरणार्थ, आपल्या मराठी संख्यानामांची गंमत. ‘त्रेपन्न’ म्हटलं की कानावर आधी तीन पडतो, म्हणून मूल आधी तीन लिहितं आणि ५३ चे ३५ होतात. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोड दिली, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. वाद बाजूला ठेवू. पण श्रुतलेखनाच्या व्हिडिओत मुलाची पेन्सिल कुठल्या अंकापासून सुरू होते हे बघितलं, तर ते कुठे अडतंय ते डोळ्यांना दिसतं. नव्या शिक्षकाला आधी वाटत असतं की मुलाला स्थानिक किंमतच कळलेली नाही. त्याला ती कळलेली असते. कान आणि हात यांच्यात गोंधळ होतो.

दुसरा विषय भाषेचा. इकडची मुलं घरी कोकणा बोली बोलतात. लातूरच्या सरांची मराठी त्यांच्यासाठी शाळेचीच भाषा. पहिलीतल्या मुलाने सूचना पाळली नाही की शिक्षक समजतो, लक्ष नाही. व्हिडिओत दिसतं ते असं: मूल शेजारच्याकडे बघतं, तो काय करतो ते बघून मग वही उघडतं. म्हणजे लक्ष पुरेपूर आहे, शब्द कळलेले नाहीत. असा भाग करताना आम्ही स्थानिक शिक्षकाला किंवा अंगणवाडी ताईंना शेजारी बसवतो. मुलं आपापसात काय बोलली ते त्या सांगतात. एकदा ज्याला सर ‘दंगा’ समजत होते, तो एका मुलाने दुसऱ्याला समजावलेला गुणाकार निघाला.

तिसरा, बहुवर्ग अध्यापन. एका खोलीत पहिली ते चौथी असताना तिसरीला काम देऊन पहिलीकडे वळायचं कसं, हे कुठल्याच आदर्श पाठात सापडत नाही. आमच्या गटात सर्वाधिक मागणी यालाच आहे.

माझा व्हिडिओ वरिष्ठांकडे गेला तर?

ही भीती रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगते. शिक्षण सेवकाची तीन वर्षं म्हणजे परीक्षेचीच. कोणी काय लिहील याची धाकधूक असतेच. सुरुवातीच्या काळात एका मॅडमच्या वर्गाची चाळीस सेकंदांची क्लिप कोणीतरी चांगल्या हेतूनेच दुसऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली कोणीतरी लिहिलं, ‘वर्गनियंत्रण नाही.’ त्या मॅडमनी पुढे पाच महिने चित्रण केलं नाही. त्यांचा वर्ग खरं तर गटकामात रमलेला होता, आणि गटकामाचा आवाज होतोच.

तेव्हापासून नियम असा: वर्गाचं चित्रण ज्या शिक्षकाचं, त्याच्याच फोनमध्ये राहील. मार्गदर्शक ते त्याच्याच फोनवर, त्याच्या शेजारी बसून बघेल. गटाला फक्त बातचीत जाईल, तीही शिक्षकाने एकदा ऐकून ‘पाठवा’ म्हटल्यावर. मूल्यमापनासाठी, गोपनीय अहवालासाठी, स्पर्धेसाठी, शाळेच्या प्रसिद्धीसाठी यातलं काहीही वापरायचं नाही. केंद्रप्रमुखांशी आम्ही हे आधी बोललो आणि त्यांनी मान्य केलं. तुम्हीही आधी बोलून घ्या, नंतर नाही.

मुलांचे चेहरे दिसतात. पालकांची परवानगी लागते का?

लागते, आणि ती मनापासून घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवतो आणि पालकांना एक नमुना व्हिडिओ तिथेच दाखवतो. लेखी संमतीपत्र बोलीत वाचून दाखवतो, मग सही किंवा अंगठा. जे नको म्हणतील त्यांची मुलं कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसतात, आणि ती रोज तिथेच बसून वेगळी पडणार नाहीत एवढी काळजी घेतो. मुलाला शिक्षा होतेय, ते रडतंय, कपडे बदलतंय, असं काही चुकून आलं तर ते तिथल्या तिथे पुसायचं. गटाला जाणाऱ्या बातचितीत मुलांची नावं घेत नाही.

साहित्य काय लागतं? खर्च किती?

फोन आहे ना? पुरे. शिक्षण सेवकाच्या १६,००० रुपयांच्या मानधनात घरभाडं, गावी पाठवायचे पैसे, पेट्रोल एवढं सगळं भागवायचं असतं. त्याला दिवे आणि स्टँड विकत घ्यायला लावणारी योजना मला मान्य नाही. पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये फोन आडवा करून टेकवा. खिडकी फोनच्या पाठीमागे असू द्या, समोर नको. समोर आली तर मुलं काळी दिसतात. फोन फळ्याकडे वळवू नका, मुलांकडे वळवा. फळ्यावर काय लिहिलं ते तुम्हाला माहीतच आहे.

आवाज हीच खरी अडचण. जुलै-ऑगस्टमध्ये इकडे पत्र्यावर पाऊस सुरू झाला की पुढच्या रांगेतल्या मुलाचाही आवाज येत नाही. त्या दोन महिन्यांत आम्ही वह्या, हात आणि काड्या यांचं जवळून चित्रण करतो आणि बोलण्यावरचे भाग सप्टेंबरपुढे ढकलतो. बातचीत चित्रित करताना कानात घालायच्या साध्या वायरच्या हेडफोनचा माइक चालतो. कॉलरला चिमट्याने लावायचा.

पाड्यावर नेटवर्क नाही. मग?

४८० पिक्सेलवर ठेवा. सेकंदाला एक मेगाबिट धरलं तर दहा मिनिटांचा भाग साधारण ७५ एमबी होतो. नुसता आवाज ठेवला तर ५ एमबीच्या आत. आम्ही दोन्ही प्रती करतो. शिक्षण परिषदेच्या दिवशी एकाच्या फोनमधून सगळ्यांच्या फोनमध्ये इंटरनेटशिवाय जातात. घाटातून मोटारसायकलवर येताना आवाजाची प्रत ऐकणारे बरेच आहेत. त्यांना विनंती, थांबून ऐका.

हे तास प्रशिक्षणात धरले जातात का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. आमचे भाग त्यात आपोआप धरले जात नाहीत. तुमच्या जिल्ह्याच्या डाएटशी, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेशी बोला. पण तासांसाठी चित्रण मागितलं जाऊ लागलं तर पुन्हा आदर्श पाठच तयार होतील, हे माझं स्पष्ट मत आहे.

किती दिवसांनी एक भाग करावा?

पंधरा दिवसांतून एक. पहिल्या सत्रात प्रत्येकी पाच-सहा झाले तरी भरपूर. परीक्षेच्या, सर्वेक्षणाच्या, निवडणुकीच्या कामाच्या दिवसांत हट्ट धरू नका. रुजू झाल्यावर पहिला महिना तर चित्रणच नको. तेवढ्यात मुलांची नावं पाठ करा, गावात फिरा, चार घरी चहा घ्या.

शाळेतले दुसरे शिक्षक नाराज आहेत. ‘आम्हाला कोणी शिकवलं होतं?’ म्हणतात.

त्यांना बातचितीला बोलवा. समोरच्या खुर्चीत बसवा आणि त्यांना विचारा की तुमच्या पहिल्या वर्षी काय झालं होतं. कंदिलाच्या उजेडात पाठाचं टाचण काढलेली माणसं आहेत ही. आजवर त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. आमचे सर्वांत जास्त वेळा ऐकले गेलेले दोन भाग अशाच निवृत्तीला टेकलेल्या गुरुजींचे आहेत.

जुने व्हिडिओ ठेवायचे की पुसायचे?

वर्गातलं चित्रण त्यावरची चर्चा झाली की महिनाभरात, आणि कुठल्याही परिस्थितीत एप्रिलअखेर पुसायचं. पालकांना आपण तसंच सांगितलेलं असतं. गॅलरीतून काढलं म्हणजे गेलं असं नाही. ‘नुकतेच हटवलेले’ या फोल्डरमध्ये ते राहतं, गूगल फोटोजवर आपोआप प्रत गेलेली असते, आणि कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल तर त्याच्याही फोनमध्ये असतं. या तिन्ही जागा तपासा. बातचितीचे भाग मात्र दोघांची संमती असेल तर ठेवा. बदली होऊन गेलेल्या शिक्षकाने ‘माझा काढून टाका’ असा निरोप पाठवला, तर कारण न विचारता काढून टाका.